चमोट्यावरचे चरे

माझा स्वभाव आभार मानायचा नाही. कोणी काही केलं की त्यात काय राहून गेलं ते मला आधी दिसतं. आमचा मुलगा सार्थक शाळेत असताना शंभरातले अठ्ठ्याण्णव घेऊन आला, तेव्हा उरलेले दोन कुठं सांडले ते मी विचारलं होतं. हे तो अजून लोकांना रंगवून सांगतो. तेव्हा पुढं जे लिहिलंय ते एका न्हाव्याचे आणि एका नवऱ्याचे आभार आहेत असं समजून वाचा. जमतील तसे मानलेत.

नवरा म्हणजे नरेंद्र. समोर मी त्यांना जन्मात कधी नावानं हाक मारली नाही, पण लिहिताना नाव घेते, नाहीतर कोण कोणाला काय म्हणालं ते कळायचं नाही. नरेंद्र शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचे. तिथं सगळ्यांच्या कपड्यांवर, कानांत, डब्यातल्या पोळीवरसुद्धा काळी भुकटी असायची. आणि हा माणूस रोज लग्नाला निघाल्यासारखी गुळगुळीत दाढी करून कामावर जायचा. तीही साध्या ब्लेडनं नाही, वस्तऱ्यानं.

त्याला कारण बिसाहू. तीस वर्षांपूर्वी आम्ही पंडरीला, कापड बाजाराच्या मागं, दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. खाली गल्लीच्या तोंडाशी बिसाहू सेनचं दुकान. नरेंद्रना साध्या ब्लेडनं गळ्यावर पुटकुळ्या यायच्या, म्हणून दाढी बिसाहूकडं. पण कारखान्याची बस त्याचं दुकान उघडायच्या आधी निघायची. शेवटी बिसाहूनंच त्यांना हातात वस्तरा धरायला शिकवलं, एक जुना वस्तरा दिला आणि चमोटाही करून दिला. चमोटा म्हणजे वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा. एक टोक खिळ्याला अडकवायचं, दुसरं हातात ताणून धरायचं आणि वस्तरा त्यावरून खालीवर न्यायचा. तो सपसप आवाज ऐकून मी तीस वर्षं उठले. गजर कधी लावला नाही. चमोटा इतका मऊ आणि चकचकीत झाला होता की एकदा मी त्याच्यावर हात फिरवत उभी राहिले, तर नरेंद्र म्हणाले, याच्यावर प्रेम आहे का माझ्यावर? मी म्हटलं, हा निदान उलटून बोलत नाही.

आठ महिन्यांपूर्वी सकाळी सपसप आवाज थांबला, थोड्या वेळानं खळकन काही पडलं आणि मी शंकर नगरच्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूमकडं धावले. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वस्तरा फरशीवर पडून त्याच्या धारेचा टवका उडाला होता, पण नरेंद्रच्या गालावर ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हा देवाचे आभार मानायला हवे होते. मी देवाला वेगळंच काही बोलले, ते इथं लिहीत नाही.

पाय हळूहळू थोडा सुधारला. बोलणं मात्र विस्कटलं. वाचा-उपचाराला चित्रा नावाची मुलगी यायची, गुणी पोर, ती म्हणाली, काकू, शब्द येतात पण आपापल्या जागी येत नाहीत. खरंच तसं होतं. चहाला ते 'बस' म्हणायचे. पंख्याला 'मंगळवार'. हो म्हणायचं असेल तिथं नाही आणि नाही म्हणायचं तिथं हो. पहिला महिनाभर मी प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसायची. मग दमले. मग त्यांनी काही म्हटलं की मी हसून 'हव हव', म्हणजे हो हो, म्हणायला लागले, आणि माझ्या मनाला येईल ते हातात द्यायला लागले. पाणी, चष्मा, पेपर. लहान मुलाला खुळखुळा देतात तसं. हे मी आता लिहिते आहे. तेव्हा मला वाटायचं मी फार समजूतदार झाले.

दाढीचा प्रश्न राहिलाच. सांभाळायला येणारा माणूस साध्या ब्लेडनं करायचा, तर गळा लाललाल. मशीन आणलं, तर त्याच्या गुणगुणण्यानं नरेंद्र मान फिरवायचे. शेवटी वाढू दिली. भेटायला येणारे म्हणायचे, अगदी ऋषिमुनी दिसतात. नरेंद्र हॉलमधल्या आरशाकडं पाठ करून बसायचे. ते माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले. लक्षात आलं त्या दिवशी मी ठरवलं की आता दाढी मी करणार, आणि वस्तऱ्यानंच करणार.

मी सार्थकला फोन केला. तो बंगळूरला असतो. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, आमचं असंच चालतं. त्यानं आढेवेढे न घेता ऑनलाइन नवा वस्तरा मागवून पाठवला. त्याच फोनवर त्यानं गेले तीन महिने चाललेला विषय पुन्हा काढला, की आम्ही दोघांनी हा फ्लॅट सोडून बंगळूरला त्याच्याकडं यावं. त्याचं चूक नव्हतं. एकुलता एक मुलगा, दर महिन्याला विमानानं ये-जा करून थकला होता. मी म्हटलं, बघू, रविवारी सांगते.

वस्तरा आला. मला कौतुक वाटलं. जुना वस्तरा टोकाला गोल होता, हा चौकोनी, कोपरे एकदम कडक, आरशासारखा. फोनवर दोन व्हिडिओ बघितले, पाठ पुढं धार मागं, उलटताना पाठीवर उलटायचा, हे दहा वेळा घोकलं. बाथरूममध्ये जागा नाही म्हणून चमोटा हॉलच्या खिडकीच्या गजाला अडकवला. नरेंद्र शेजारच्या खुर्चीत होते. मी म्हटलं, बघा, आता कसा परजते. आणि वस्तरा ओढला.

दुसऱ्याच ओढीला टोकापाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं. वस्तरा उचलून बघते तर चामड्यावर बोटभर लांब चरा. तीस वर्षांच्या चामड्यावर. मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात नरेंद्र खुर्चीतून म्हणाले, "नाक."

मी वळून बघितलं. नाक वाहत नव्हतं. तरी पदरानं पुसलं. त्यांनी मान झटकली आणि पुन्हा म्हणाले, नाक. मी म्हटलं, हव हव, पुसलं. आणि वस्तरा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जपून केलं, तरी दुसरा चरा. पुन्हा "नाक, नाक." सर्दी झाली असेल म्हणून मी नाकात थेंब घातले. त्यांनी डाव्या हातानं माझा हात ढकलला, तर अर्धी बाटली शर्टावर. त्यांनी तोच हात चमोट्याकडं नेला, मी तो मागं घेतला, म्हटलं लागेल तुम्हाला. तिसऱ्या दिवशी मी चित्राला फोन करून विचारलं, की एकच शब्द सारखा येत राहिला तर काय समजायचं. तिनं सांगितलं की होतं कधीकधी, शब्द अडकून बसतो, काळजी करू नका. मी काळजी सोडली. वस्तऱ्याची धार मात्र काही केल्या लागेना. हातावरचा केससुद्धा निघत नव्हता, आणि चमोट्यावर आता चार चरे होते. चेहऱ्याला लावायची माझी हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी, शनिवारी, पाचवा चरा पडला. आणि नरेंद्रनी या वेळी दोन शब्द जुळवले. घाम येईपर्यंत जुळवले आणि एकेक करून बाहेर काढले. "नाक... घास."

नाक घासणं म्हणजे आपल्याकडं काय ते कोणाला सांगायला नको. पाया पडणं, माफी मागणं, लाचारी करणं. माझं डोकं सणकलं. आठ महिने या माणसाचं सगळं करते, आंघोळ घालते, भरवते, पहाटे उठून त्याचे पाय चोळते, आणि एक चामड्याचा तुकडा खराब झाला म्हणून हा मला नाक घासायला सांगतो. इतके दिवस जागेवर न येणारा शब्द नेमका याच कामाला जागेवर आला म्हणायचा.

"नाक घासू?" मी म्हटलं. "तुमच्यापुढं? आठ महिने आणखी काय करून राहिली मी? तुम्हाले काही समजत नाही ना, मग गप्प बसा."

 दुपारी चहा दिला तर बस म्हणाले नाहीत. मी त्यांच्या समोरच सोफ्यावर बसून संध्याकाळी सार्थकला फोन लावला, स्पीकर चालू करून, कारण माझे हात भाजी निवडण्यात होते. त्यानं विचारलं, पापांना जागा बदलली तर त्रास होईल का. मी म्हटलं, त्यांना इथं काय नि तिथं काय, सारखंच रे, त्यांना कुठं काय कळतं, तू तिकिटं काढ. फोन ठेवला. नरेंद्र खिडकीकडं बघत होते.

रविवारी सकाळी जाग आली ती अपराध्यासारखी. टोचणी फोनची नाही हं, चमोट्याची. त्यांची एवढी एकच वस्तू आणि ती मी विद्रूप केली. फोनवर मी काय बोलले ते अजून मला बोचत नव्हतं. सांभाळणारा माणूस आल्यावर मी चमोटा आणि वस्तरा पिशवीत घातला आणि ई-रिक्षा करून पंडरीला गेले.

बिसाहू भैया आता पंचाहत्तरीचा असेल. हात थरथरतो, म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्याला तो हात लावत नाही. ते काम पुतण्या करतो. हा दारापाशी खुर्ची टाकून बसतो आणि गल्लीभरच्या कात्र्यांना धार लावतो. दगडावर हात ठेवला की थरथर थांबते, असं तोच सांगतो. नरेंद्र दवाखान्यात होते तेव्हा दोनदा बघायला आला होता. मला बघून उठला, त्याच्या छत्तीसगढीत भौजी बैठव म्हणाला, भैयाची, म्हणजे नरेंद्रची, तब्येत विचारली. मी पिशवीतून चमोटा काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, की माझ्या हातून वाट लागली, काही करता येत असेल तर बघ.

त्यानं चऱ्यांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यानं वस्तरा मागितला, उघडला, धारेकडं बघितलंच नाही, सरळ त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर नख टेकवलं. नखाचा कीस निघाला.

"एखर नाक ल नइ घिसे हव का, भौजी?"

मला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं मला छत्तीसगढी समजली नाही, म्हणून त्यानं हिंदीत समजावलं. वस्तऱ्याला पाठ असते, धार असते, मुठीकडं एडी म्हणजे टाच असते आणि पुढच्या टोकाला नाक. त्याच्या आज्यापासून त्यांच्या घरात नाकच म्हणतात. जुन्या वस्तऱ्यांचं नाक गोल असायचं. हे चौकोनी नवे येतात त्यांचं नाक सुईसारखं असतं. चमोट्यावर आणायच्या आधी ते दगडावर जरासं घासून बोथट करावं लागतं. नाहीतर धार राहते बाजूला आणि नाकच चामडं फाडत जातं.

"नवा उस्तरा के नाक ल पहिली घिसे बर परथे," तो म्हणाला. मग जरा आश्चर्यानंच, "भैया ह नइ बताइस का? ओला तो मालूम हे."

दुकानात पंखा चालू होता, पुतण्या कोणाची तरी मान वळवून कल्ले सारखे करत होता.  मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले.

"बताइस, भैया," मी म्हटलं. "चार दिन ले बताइस."

चार दिवस तो माणूस मला अगदी बरोबर शब्द सांगत होता. चहाला बस म्हणणाऱ्या त्यांच्या डोक्यानं, तीस वर्षांपूर्वी याच दुकानात शिकलेला शब्द कुठूनतरी शोधून, धरून, घाम गाळून माझ्यापर्यंत आणला होता. आणि मी त्यांच्या नाकात थेंब घातले. ते पूर्ण जागेवर होते. आत बसून सगळं बघत होते, ऐकत होते. कालचा फोनही त्यांनी ऐकला होता. इथं काय नि तिथं काय, सारखंच. हे वाक्य मला पंडरीच्या त्या बाकावर बसून पहिल्यांदा ऐकू आलं, त्यांच्या कानांनी. मी रडले. मला चार लोकांत रडायची सवय नाही, पण रडले.

 बिसाहू त्याच्या पद्धतीनं कामाला लागला. दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकले, वस्तरा उभा धरून नाक टेकवलं आणि झोपाळा हलतो तसं हलकेच चार-पाच वेळा फिरवलं. नख लावून बघितलं. पुन्हा दोनदा फिरवलं. मग तो कोपरा नखावरून नुसता घसरत गेला. एडीकडचा कोपराही तसाच केला. म्हणाला, कारखान्यातून धार येते ती अर्धी कच्ची असते, आणि दगडावर धारही लावून दिली. चमोट्याच्या चऱ्यांच्या वर आलेल्या कडा त्यानं बारीक पॉलिशपेपरनं बसवल्या आणि तेलाचं बोट फिरवलं. चरे गेले नाहीत. ते जाणार नाहीत, पण धारेला लागणार नाहीत, असं त्यानं सांगितलं.

मग मला उभं केलं. चमोटा दाराच्या कडीला अडकवून तो सैल का धरता म्हणून पहिल्यांदा रागावला. सैल चामडं वर उचललं जातं आणि धार बोथट करतं, किंवा वस्तरा त्याला कापतो. दाब अजिबात नको, वस्तऱ्याच्या आपल्या वजनानं जाऊ दे. पाठ चामड्यावरून उचलायची नाही, वळताना पाठीवरच कूस बदलायची. वीस वेळा करवून घेतलं. एवढ्यावर सोडेल तर तो बिसाहू कसला. त्यानं समोरच्या दुकानातून फुगे मागवले, एक फुगवून त्याला साबणाचा फेस फासला आणि मला म्हणाला, याची दाढी करा. चौसष्ट वर्षांची बाई रविवारच्या गर्दीत फुग्याची दाढी करते आहे हे बघायला कापड बाजारातले तिघं व्यापारी आत आले. पहिला फुगा फुटला. दुसराही. तिसऱ्याच्या अर्ध्या गालावर गेले आणि तो फुटला. चौथा पूर्ण केला. कोणीतरी टाळी वाजवली. माझ्या नाकाला फेस लागला होता.

निघताना मी बिसाहूला काय म्हणायचं ते शोधत राहिले. इतकी बोलघेवडी बाई, पण आभार मानायची सवयच नाही ना. शेवटी म्हटलं, भैया, तुम्ही माझा नवरा मला परत दिला. तो गोंधळला. त्याला वाटलं मी वस्तऱ्याबद्दल बोलते आहे. म्हणाला, धार उतरली की घेऊन या.

घरी आले तेव्हा नरेंद्र तसेच खिडकीकडं तोंड करून. मी स्टूल ओढून त्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. आठ महिन्यांत मी त्यांच्याशी उभ्यानंच बोलत होते हे तेव्हा लक्षात आलं. मी वस्तरा उघडून त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याचं नख टोकावर टेकवलं. घसरलं. पुन्हा टेकवलं, घसरलं. मग माझ्याकडं बघितलं.

"बिसाहूनं घासलं," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर सांगून राहिले होते. चारही दिवस बरोबर. मीच ऐकलं नाही. आणि फोनवर मी जे बोलली ते चुकलं माझं. हे घ्या, माझंही नाक घासलं."

आणि मी खरोखर त्यांच्या हाताच्या पालथ्या बाजूवर माझं नाक घासलं. त्यांचं तोंड एका बाजूनं हसतं आता, दुसरी बाजू मागून येते. दोन्ही बाजू आल्या.

सोमवारी सकाळी मी गरम पाणी, साबण, टॉवेल सगळं मांडलं. चमोटा गजाला अडकवला आणि खालचं टोक धरायला गेले, तर नरेंद्रनी डावा हात पुढं केला. या वेळी मी तो मागं सारला नाही. त्यांनी टोक मुठीत धरून ताणलं. त्या हातात अजून इतकी ताकद आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी वस्तरा टेकवला. त्यांनी मान हलवून थांबवलं, बोटानं दाखवलं, आणखी आडवा. मग ओढला. सपसप. चऱ्यांवरून गेला तरी अडकला नाही. आमच्या घरात आठ महिन्यांनी तो आवाज झाला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, आणि मी ओढी मोजायचं विसरले.

कात्रीनं आधी दाढी बारीक केली, मग कढत टॉवेल, मग फेस. उजव्या गालापासून सुरू केलं, कारण त्या बाजूला त्यांना कमी कळतं, लागलं तरी रागावणार नाहीत असा हिशेब.  त्यांनी मान अशी स्थिर धरली होती की मीच शांत झाले. एकेक पट्टी स्वच्छ होत गेली आणि खालून माझा ओळखीचा माणूस निघायला लागला, जरा वाळलेला, गालाला खळगा पडलेला, पण तोच. एक गाल झाला, दुसरा झाला. वरचा ओठ झाला. हनुवटी आणि गळा राहिला. तिथं हात थांबवून मी वस्तरा पुसला. गळ्यावर धार ठेवून प्रश्न विचारणं बरं नाही.

सार्थकला मी शनिवारनंतर पुन्हा फोन केला नव्हता. तिकिटं त्यानं काढली असतील नसतील. पण एक गोष्ट मी नवऱ्याला विचारलीच नव्हती. तीन महिने विषय चालला होता, मुलाशी, जावेशी, चित्राशी, सांभाळणाऱ्या माणसाशीसुद्धा मी बोलले होते. ज्याला न्यायचं होतं त्याला सोडून सगळ्यांशी.

"सार्थक म्हणून राहिला बंगळूरला या," मी म्हटलं. "कायमचं. तुम्हाले जायचं आहे का? हो-नाही करू नका, ते तुमचं उलटंसुलटं होते. सावकाश सांगा. मले घाई नाही."

ते बघत राहिले. ओठ हलले, थांबले. मी पाणी पुढं केलं नाही, चष्मा दिला नाही, त्यांच्या वतीनं एकही शब्द सुचवला नाही. हे मला किती जड गेलं ते माझ्या ओळखीच्यांना कळेल. हनुवटीवरचा फेस वाळायला लागला. खाली भाजीवाला ओरडून पुढं गेला. त्यांच्या कपाळावर तोच घाम आला, शनिवारचा. मग त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडं बोट केलं.

"तुले?"

मी उत्तराची वाट बघत होते, म्हणून मला वाटलं शब्द पुन्हा चुकला. पण तो चुकला नव्हता. मी विचारलं होतं, तुम्हाले जायचं आहे का, आणि ते विचारत होते, तुले?

आठ महिन्यांत मला सगळ्यांनी विचारलं होतं. ते कसे आहेत, जेवतात का, झोपतात का, औषधं चालू आहेत ना. डॉक्टरांनी विचारलं, नातेवाइकांनी विचारलं, मुलानं रोज विचारलं. मला काय हवं आहे ते कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतःही नाही. आणि ज्याच्याजवळ दिवसाला जेमतेम पाच-सहा शब्द होते, त्यानं त्यातला एक यासाठी खर्च केला.

"मले नाही जायचं," मी म्हटलं.  "मले इथंच राह्यचं आहे. तुमच्यासंगं."

त्यांनी डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर दोनदा थाप मारली. मग हनुवटी वर करून गळा माझ्यापुढं धरला आणि डोळे मिटले. मी पुन्हा फेस लावला आणि उरलेली दाढी पूर्ण केली.